ओ-ई म्हणजे काय

ताहेर जिंकला. लातूरच्या शब्दखेळ स्पर्धेत, भागवतला समोर बसवून, चार गुणांनी जिंकला, आणि त्याला वीतभर उंचीची, पितळेसारखी दिसणारी एक ट्रॉफी मिळाली.

असं काही झालेलं नाही. त्या रविवारी ताहेर लातूरला गेला होता तो रेक्झिन आणायला. नांदेडात कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि पुरावा म्हणून विटकरी रंगाच्या रेक्झिनचा गठ्ठा दुकानाच्या कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. तो रंग आजवर एकाही गिऱ्हाइकाने मागितलेला नाही. ट्रॉफीचं म्हणाल तर अशी कुठलीही ट्रॉफी नाही, आणि ती नायगावच्या एका गिऱ्हाइकाच्या गादीत कापसाबरोबर भरली गेली असं तर मुळीच झालेलं नाही. त्यांचा फोन आला होता, डाव्या कुशीवर झोपलं की बरगडीला काहीतरी टोचतं म्हणून. ताहेरने त्यांना उजव्या कुशीवर झोपायला सांगितलं. पोटालाही ते बरं असतं, म्हणाला.

तर दुकान. देगलूर नाक्याजवळ जावेद गादीघर. जावेद म्हणजे ताहेरचे अब्बा. ते मागच्या खोलीत कापूस पिंजायच्या मशीनवर असतात, आणि मशीनचा आवाज असा की आता त्यांना बाकीचं जग फक्त दिसतं, ऐकू येत नाही. पुढच्या बाजूला ताहेर गिऱ्हाईक बघतो. मधे, गाद्यांच्या चवडीला टेकून, जाहिदा म्हणजे ताहेरची अम्मी खोळी शिवते. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार नांदेडात गादी घ्यायला कुणी येत नाही. ज्याला झोप आलेली असते त्याच्याकडे गादी असते, आणि ज्याच्याकडे गादी नसते तो कामावर असतो.

अशाच एका दुपारी भागवत आला. लोह्याकडच्या खेड्यातला, शेषेरावांचा थोरला पोरगा. कॉलेजसाठी नांदेडात खोली केली होती, गादी पाहिजे होती. ताहेरने एक गादी खाली ओढली आणि म्हणाला, "झोपून बघा."

भागवत झोपला. तो साडेचारला उठला.

"कशी हाय?" ताहेरने विचारलं.

"अजून नीट कळली न्हाई," भागवत म्हणाला. "उद्या परत बघतो."

तो सहा वर्षं बघत होता. गादी त्याने शेवटपर्यंत घेतली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला चवडीमागे एक बोर्ड सापडला. इंग्रजी अक्षरांचे ठोकळे एकमेकांना लावून शब्द करायचे आणि गुण मोजायचे, असा तो खेळ. ताहेरची बहीण अलीझा हिला इंग्रजी यावं म्हणून कुण्या पाहुण्याने दिलेला. अलीझा लग्न होऊन देगलूरला गेली, इंग्रजी दुकानातच राहिलं. सोबत शब्दकोश नव्हता. मोबाइलवर बघता आलं असतं, पण अम्मीने पहिल्याच दिवशी ते बंद केलं.

"तुम्ही शब्द ठेवायचा आन् खरा का खोटा ते मोबाइलनं सांगायचं?" ती म्हणाली. "मोबाइल आपला कोन लागतो?"

मग अम्मीचा कायदा सुरू झाला. एकाने शब्द ठेवला की दुसऱ्याने विचारायचं, "अर्थ?" ठेवणाऱ्याने अर्थ सांगायचा. अम्मी सुई थांबवून ऐकणार. पटलं तर म्हणणार "रखो", नाही पटलं तर "उठाव". तोवर डाव पुढे सरकायचा नाही. अम्मीला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल कधीच कुणाला शंका आली नाही.

लांब शब्दांना काही अडचण नसायची. टेबल म्हणजे टेबल, त्यात भांडायचं काय. भांडण व्हायचं ते दोन अक्षरी शब्दांवर. या खेळात जिंकायचं तर ते पाहिजेतच. हातात अडचणीची अक्षरं उरली, बोर्डावर बोटभर जागा उरली, की हे चिमुकले शब्द आत घुसतात आणि भरपूर गुण घेऊन बाहेर येतात. ताहेरने त्यांची यादी शोधून काढली आणि अर्थांसकट पाठ केली. भागवतने काहीच पाठ केलं नाही. तो ठोकळे ठेवायचा आणि अर्थ तिथल्या तिथे तयार करायचा.

एकदा ताहेरने ए-आय ठेवला.

"अर्थ?" भागवतने विचारलं.

"दक्षिण अमेरिकेतला प्राणी. पायाला तीन बोटं. झाडाला उलटा लटकून झोपतो. आठवड्यातून एकदा खाली उतरतो."

"कशाला उतरतो?" अम्मी म्हणाली.

"परसाकडला."

अम्मीने विचार केला. "तेरे मामू की तरह. रखो."

पण हा अपवाद. ताहेरचे खरे अर्थ बहुतेक वेळा उठवले जायचे. एक्स-यू म्हणजे व्हिएतनामचं जुनं नाणं, असं त्याने सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, "त्यात काय येतं?"

"आता काही येत न्हाई. बंद पडलं ते."

"मग शब्द बी बंद. उठाव."

झेड-ओ म्हणजे हिमालयातलं, याक आणि गाईच्या पोटचं मिश्र जनावर, यावर तर खुद्द भागवतने हरकत घेतली. असं जमतच नाही म्हणाला. शेवटी शेषेरावांना फोन लावला. ते शेतात होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध किती देतंय?" ताहेरला ते माहीत नव्हतं. उठाव.

आणि भागवतचं काय? त्याने क्यू-आय ठेवला. ताहेरला ठाऊक होतं, ही चिनी लोकांची अंगातली प्राणशक्ती. ताहेरने रीतसर विचारलं, "अर्थ?"

"ढेकर येतो येतो वाटतो आन् येत न्हाई," भागवत म्हणाला, "त्या टायमाला मानूस जसा बसतो ना, ते."

"मला कालच झालतं," अम्मी म्हणाली. "रखो."

एकदा त्याने व्ही-यू ठेवला, जो जगातल्या कुठल्याच यादीत नाही. अर्थ असा की माळेगावच्या चढावर बस दुसऱ्या गिअरमध्ये टाकल्यावर ड्रायव्हर आणि बस दोघं मिळून जो आवाज काढतात तो. अम्मी म्हणाली, काढून दाखव. भागवतने उभं राहून काढून दाखवला. मागच्या खोलीतून अब्बा बाहेर आले आणि रस्त्यावर बघून म्हणाले, "कोन आलं?" त्यानंतर त्या शब्दाला हरकत घेण्यात काही अर्थ नव्हता.

ताहेर खरं बोलून हरायचा, भागवत खोटं बोलून जिंकायचा. आणि तरी सकाळी दुकानाचं शटर वर करताना ताहेरच्या मनात एकच गोष्ट असायची, दोन कधी वाजतात. शब्द ठेवायचा, मान वर करायची, आणि समोरचा आपल्याकडे बघून विचारणार, अर्थ? त्याला मग सांगायचं. दिवसभरात ताहेरला बाकी जे काही विचारलं जायचं ते कापूस किलोला कसा आणि खोळ धुतली तर आटते का, एवढंच होतं.

मग भागवतला लातूरला नोकरी लागली. तिथल्या एका मोठ्या क्लासमध्ये, सराव परीक्षांच्या पेपरातलं इंग्रजी तपासायची. व्ही-यूचा अर्थ सांगणाऱ्या माणसाला इंग्रजी तपासायला बसवलं, याचं गादीघरात कुणालाच नवल वाटलं नाही. अम्मीने त्याला एक उशी दिली; तो तिला खाला म्हणायचा, म्हणजे मावशी. बॅग खांद्याला लावून तो दारात उभा राहिला आणि चवडीवरच्या त्या गादीकडे बघून म्हणाला, "हिचं अजून ठरलं न्हाई हं खाला. इकू नका."

"न्हाई इकत," अम्मी म्हणाली.

गादी विकली नाही. भागवत आला नाही. सुरुवातीला रोज फोन व्हायचा, मग दोघांनी मोबाइलवरचा खेळ घेतला. तोच बोर्ड, तीच अक्षरं, फक्त काचेखाली. भागवत लातुरातून शब्द ठेवायचा, ताहेर नांदेडातून. शब्द यादीत असला की मोबाइल टिंग वाजवायचा, नसला की ठोकळे झटकून परत द्यायचा. तो कुणालाच काही विचारत नव्हता.

ताहेर पहिले काही दिवस प्रत्येक शब्दाखाली अर्थ लिहून पाठवत राहिला. भागवत अंगठा पाठवायचा. मग अंगठाही थांबला. आता भागवत खरे शब्द ठेवायला लागला होता, यादीतले, चोख. लातुरात त्याने म्हणे एका मंडळात नाव घातलं होतं, तिथं घड्याळ लावून खेळतात.

दुपारी अम्मी विचारायची, "आज भागवतनं काय ठेवलं?"

ताहेर शब्द सांगायचा.

"मतलब?"

इथे ताहेरची पंचाईत व्हायची. मग तो भागवतच्या वतीने काहीतरी बनवून सांगायचा, लोह्याचा हेल काढून, मधे एखादा बैल किंवा बस घालून. अम्मी ऐकायची, दोरा दाताने तोडायची आणि म्हणायची, "हे त्याचं न्हाई. तुझं हाय." आणि पुढे रखोही नाही आणि उठावही नाही. खोळ शिवत राहायची.

उन्हाळा लागता लागता भागवतने एक जाहिरात पाठवली. मराठवाडा खुली शब्दखेळ स्पर्धा, लातूर, रविवार. खाली काही लिहिलं नव्हतं. ये असंही नाही. कदाचित त्याने ती सगळ्यांनाच पाठवली असेल. ताहेरने नाव नोंदवलं.

त्याला जिंकायचं नव्हतं. त्याला एवढंच पाहिजे होतं, की भागवतने समोर बसून, त्याच्याकडे बघून, एकदा विचारावं: अर्थ? एकदा विचारलं की मग जुनी सवय आपोआप जागी होईल, सवय जागी झाली की महिन्यातून एखादी दुपार तरी तो नांदेडला येईल, आणि एवढं झालं की ताहेरचं दुसरं काही मागणं नव्हतं. हे गणित त्याने कुणाला सांगितलं नाही. घरी म्हणाला, रेक्झिन आणायला चाललो.

"नांदेडात संपलं का रेक्झिन?" अम्मीने विचारलं.

"लातूरचं जाड असतं."

अम्मीने सुईत दोरा ओवला. "भागवत दिसला तर सांग त्याला. म्हनावं तुझी गादी उंदरं खायलेत."

बस लोह्यावरून गेली. माळेगावच्या चढावर ड्रायव्हरने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, आणि ताहेर खिडकीत बसून तो शब्द सबंध ऐकत राहिला. शेजारच्या बाईंनी विचारलं, का हसून राहिला बाबा. त्याने नुसतं चढाकडे बोट दाखवलं.

लातुरात स्पर्धा भागवतच्याच क्लासच्या हॉलमध्ये होती. मराठवाडा खुली म्हटलं तरी नोंदणी चारच जणांची झाली होती. पहिल्या फेरीत ताहेरच्या समोर जो होता त्याची उदगीरहून बस चुकली, त्यामुळे ताहेर एकही ठोकळा न उचलता अंतिम फेरीत पोचला. तिकडून भागवत आला.

भागवतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गळ्यात क्लासचं ओळखपत्र. मागे बाकांवर त्याचे विद्यार्थी बसले होते, सर कसे खेळतात ते बघायला.

"या ताहेरभाई," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

सहा वर्षं ताहेर त्याच्यासाठी ताहेऱ्या होता. ताहेरभाई कोण ते बघायला ताहेर मागे वळणारच होता.

मंडळाच्या अध्यक्ष उमादेवी मॅडम, निवृत्त प्राध्यापिका, पंच म्हणून मधे बसल्या. त्यांनी नियम वाचले. बोलायचं नाही. शब्द ठेवला की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, म्हणजे आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. दोघांना सारखा वेळ. वेळ संपल्यावर जो जास्त वेळ घेईल त्याचे दर मिनिटाला, मिनिट अपुरं असलं तरी, दहा गुण जाणार. "आणि अर्थ माहीत असण्याची गरज नाही," त्या म्हणाल्या. "शब्द यादीत असला की झालं."

हे वाक्य ताहेरच्या कानात शिरलं, पण तिथून पुढे कुठं गेलं नाही.

त्याने पहिला शब्द ठेवला आणि मान वर केली. भागवत स्वतःच्या ठोकळ्यांकडे बघत होता. ताहेर थांबला. अर्थ तोंडावर तयार होता, चांगला होता, वाटेत बसमध्ये त्याने तो दोनदा घोळवला होता. घड्याळ चालू होतं, त्याचंच.

"बटण दाबा," उमादेवी मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या शब्दाला तेच. तिसऱ्यालाही तेच. गादीघरात शब्द ठेवल्याने डाव पुढे जात नव्हता, अर्थ सांगून अम्मी रखो म्हणाली की जायचा. ताहेरच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. तो ठेवायचा आणि वाट बघायचा, आणि त्याच्या वाटणीचा वेळ डोळ्यासमोर गळून जायचा. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, "ह्यांना घड्याळ कळत न्हाई वाटतं."

मग भागवतने एक लांबलचक शब्द ठेवला, सगळी अक्षरं वापरून, आणि टपकन बटण दाबलं. आणि ताहेरच्या तोंडून, कुणी ढकलल्यासारखं, बाहेर पडलं:

"अर्थ?"

पोरं हसली. भागवतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने मान वर केली नाही.

"इथे अर्थ विचारत नाहीत," तो म्हणाला. स्वच्छ, क्लासमधल्या मराठीत. "तुम्ही तुमची खेळी करा."

तुम्ही.

ताहेरने मान हलवली. त्यानंतर त्याने लातूरसारखं खेळायला सुरुवात केली. ठोकळा ठेवायचा, बटण दाबायचं, समोर बघायचं नाही. पाठ केलेली यादी त्याने सगळी काढली. जे-ओ ठेवला, स्कॉटलंडच्या बोलीतला जिवलग, भरपूर गुण, बटण. के-वाय ठेवला, तिकडच्याच गाई, बटण. एक्स-यू ठेवला. गादीघरात बंद पडलेलं ते नाणं लातुरात निमूट चाललं, कुणी विचारलं नाही त्यात काय येतं. यादीतले सगळे खरे शब्द एकामागून एक मंजूर होत होते, आणि ताहेरला आयुष्यात कधी इतके गुण मिळाले नव्हते. उठाव म्हणणारं कुणी नव्हतं. त्याला वाटलं, कुणीतरी म्हणायला पाहिजे.

भागवत मात्र हळू हळू खेळायला लागला. त्या 'तुम्ही'नंतर त्याचा हात अडखळत होता. एकदोनदा त्याने ताहेरकडे बघितलं, ताहेरने घड्याळाकडे बघितलं. डाव सरत आला तेव्हा दोघांत फार अंतर नव्हतं, आणि भागवतच्या घड्याळात थोडेसेच क्षण उरले होते. त्याच्या हातात शेवटचे दोन ठोकळे होते. त्याने ते ठेवले.

ओ-ई.

सगळ्यात स्वस्त दोन अक्षरं. डाव संपला. बेरीज केली तर भागवत सहा गुणांनी पुढे होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

भागवतने बटण दाबलं नाही. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, चवडीवर बसायचा तसा किंचित मागे रेलला, आणि ताहेरकडे बघितलं.

ताहेरला कळलं. एका क्षणात कळलं, त्यात शंकेला जागाच नव्हती. हा शब्द गादीघरात कधी आला नव्हता, आणि भागवतच्या ओठांच्या कोपऱ्यात ती बारीकशी हालचाल होती जी खोटा अर्थ तयार झाल्यावर व्हायची. तो थांबला होता. मागे त्याचे विद्यार्थी बसलेले, समोर मॅडम, गळ्यात ओळखपत्र, आणि तो विचारलं जाण्याची वाट बघत होता.

एक शब्द बोलायचा होता. ताहेरच्या जिभेवर तो होता. पण ताहेरला वाटलं, थांबू दे थोडा. मी इतके महिने थांबलो, ह्याला जरा थांबू दे. 'तुम्ही' म्हणाला ना मला. पुढच्या श्वासाला विचारू.

त्याने श्वास घेतला. घड्याळ टीं करून वाजलं.

"वेळ संपली," उमादेवी मॅडम म्हणाल्या. "भागवत, अहो, बटण."

भागवतने ताहेरकडे अजून एकदा बघितलं. मग त्याने बटण दाबलं. वेळ संपून मिनिटही झालं नव्हतं, पण नियम नियम होता, दहा गुण गेले. सहाने पुढे असलेला माणूस चारने मागे गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण मॅडमनी वाजवल्या होत्या.

बाहेर, जिन्याखाली, दोघं उभे राहिले. ट्रॉफी ताहेरच्या पिशवीत होती आणि तिचं डोकं बाहेर आलं होतं.

"जेवून जा," भागवत म्हणाला.

"रेक्झिन घ्यायचंय."

"लातुरात?"

"जाड असतं."

भागवतने मान डोलावली. "खाला कशा हायत?"

"बऱ्या हायत. तुझी गादी उंदरं खायलेत म्हनल्या."

"खाऊ दे की," भागवत म्हणाला, आणि हसला, आणि मग हसू पुरलं नाही म्हणून बुटाने जिन्याची पायरी घासत राहिला. वरून एका पोराने हाक मारली, सर, पेपर आलेत. "येतो हं," तो म्हणाला. कुठं येतो ते म्हणाला नाही.

ताहेरने गंजगोलाईच्या बाजारात जाऊन रेक्झिन घेतलं. दुकानदाराने विचारलं, कोणता रंग. ताहेर म्हणाला, कोणताही.

घरी अम्मीने गठ्ठा बोटांनी चाचपून बघितला. तो मुळीच जाड नव्हता. "भागवत भेटला?" तिने विचारलं.

"कुठला भागवत. टाइमच न्हाई भेटला."

त्यानंतर दुपारी दोन वाजले की ताहेर चवडीवर जाऊन बसतो आणि ओ-ईचे अर्थ काढतो. विहिरीत वाकून स्वतःचं नाव ओरडलं की ते अर्धंच परत येतं, ते अर्धं. किंवा, पाहुणा गेल्यावर उंबऱ्यात जितका वेळ उभं राहावं लागतं तितका वेळ. चांगले अर्थ होते, पण सगळे ताहेरचे होते. भागवतच्या अर्थात कुठंतरी बैल असता, बस असती, निदान एखादा ढेकर तरी असता. ताहेरने बैल घालून बघितला. बैल आत आला, पण तसाच उभा राहिला.

शेवटी त्याने फोन केला. पाऊसपाणी झालं, शेषेरावांची तब्येत झाली, क्लासमधली गर्दी झाली. मग तो म्हणाला, "भागवत. अर्थ?"

"कशाचा?"

"ओ-ई."

मग भागवत म्हणाला, "फेरो नावाची बेटं हायत, तिकडं लांब. तिथल्या समुद्रात उठनारी वावटळ. यादीत हाय, बघ."

हे बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. ताहेरला तो अर्थ केव्हापासूनच पाठ होता.

"हे न्हाई," ताहेर म्हणाला. "त्या दिवशी सांगनार होतास ते."

"ते व्हय," भागवत म्हणाला. मागे कुठंतरी पोरांचा गलका ऐकू येत होता. "त्या टायमाला आलतं रे तोंडावर. लई भारी होतं. आता आठवून राहिलो, पन येत न्हाई."

"असू दे."

"तू इचारलं असतं तर..."

"व्हय."

फोन ठेवल्यावर अम्मीने सुई थांबवली. "मतलब सांगितला त्यानं?"

"सांगितला."

"काय?"

ताहेरने वावटळ सांगितली, बेटं सांगितली, समुद्र सांगितला. अम्मीने सगळं ऐकलं. तिने रखो म्हटलं नाही. उठावही म्हटलं नाही. तिने त्याच्या डोक्यावरचा कापूस झटकला आणि पुन्हा शिवायला लागली.

त्या आठवड्यात उमादेवी मॅडमच्या पत्त्यावर नांदेडहून रजिस्टर पोस्टाने एक अर्ज गेला. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष,
शब्दखेळ मंडळ, लातूर.

विषय: अंतिम सामन्यातील एका क्षणाबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार हा सदर रविवारी रेक्झिन खरेदीकामी लातूर येथे हजर होता व त्याने कोणताही सामना जिंकलेला नाही. तथापि तसा सामना झाला असल्यास, त्यातील चार गुण अर्जदार स्वखुशीने परत करीत आहे. अंतिम शब्द ठेवल्यानंतर प्रतिस्पर्धी श्री. भागवत शेषेराव हे काही काळ थांबलेले होते, ही बाब पंचांच्या नजरेतून सुटलेली नसावी. सदर कालावधी मंडळाच्या घड्याळाच्या ताब्यात असून तो अर्जदारास अद्याप मिळालेला नाही.

तरी मंडळाचे घड्याळ सदर रविवारी श्री. भागवत यांची वेळ संपण्यापूर्वीच्या क्षणावर परत नेण्यात यावे, अर्जदारास त्यांना एक शब्दाचा प्रश्न विचारण्याची लेखी परवानगी मिळावी, आणि त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून होईपर्यंत दोन्ही बाजूंची घड्याळे बंद ठेवण्याचे आदेश संबंधितांना देण्यात यावेत.